माळ्यावरची बाटली

बरगंडी पुढच्या आठवड्यात. कोत द न्वीच्या उतारावर आपण गेल्या वेळी थांबलो होतो, तिथून पुढे जायचं माझ्या मनात होतं. पण मधेच डोंबिवलीच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि ते वाचून मला राहवेना. त्यांचा मुलगा बोर्दोहून येताना सँतेस्तेफ गावची 2016 ची तांबडी वाइन घेऊन आला. लेबलवर ‘क्रू बूर्ज्वा’ असं आहे. बाई लिहितात, ‘नात आता आठ वर्षांची आहे. तिच्या लग्नात उघडावी असं आम्ही ठरवलंय. तोवर कुणाचा हात लागू नये म्हणून माळ्यावर ठेवलीय. चालेल ना?’

बाई, आधी ती बाटली खाली काढा. आजच. मग पुढचं वाचा.

गच्चीखालच्या मजल्यावरचा माळा म्हणजे घरातली सगळ्यात तापणारी जागा. दिवसभर स्लॅब ऊन पिते आणि रात्रभर ते माळ्यावर सोडते. मी घोडबंदरला राहायला आलो तेव्हा माझ्याकडे 2005 ची एक चांगली बोर्दो होती. ती पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवली होती. दोन मे महिने गेले. तिसऱ्या वर्षी पाहिलं तर बूच कडेवर जेमतेम दिसेल इतकं वर आलेलं, आणि पत्र्याच्या टोपणाखाली वाइन झिरपून वाळलेली. उघडली, चाखली. 2005 हे बोर्दोचं फार मोठं वर्ष. पण त्या बाटलीत उरली होती ती शिजवलेल्या आलूबुखारांची चव आणि मागून येणारा जळका गोडवा. मुरणं आणि शिजणं यांतला फरक मला त्या दिवशी जिभेवर कळला.

रसायनशास्त्राचा एक ढोबळ ठोकताळा आहे: तापमान 10 अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. यावरून कुणी म्हणेल, मग बरंच झालं, वीस वर्षांचं काम आपल्याकडे सात-आठ वर्षांत उरकेल. तसं होत नाही. वाइनमध्ये एकाच वेळी शेकडो क्रिया चाललेल्या असतात आणि उष्णतेने त्या सगळ्या सारख्या प्रमाणात वेग घेत नाहीत. तुरटपणा देणारी टॅनिनं एकमेकांत गुंफून हळूहळू मऊ होतात, जड झाली की गाळ होऊन तळाशी बसतात. या कामाला शांतता आणि वेळ लागतो. फळाचा ताजेपणा मात्र गरमीत आधी उडून जातो. म्हणजे तुरटपणा विरायच्या आत वास मेलेला असतो.

‘मग तळघर खणलं तर?’ हा प्रश्न मला येऊर, वसई, अगदी सांगलीकडूनही आलेला आहे. या प्रश्नावर मी बरीच वर्षं विचार केलाय. आपल्याकडे जमिनीत साठवण्याची विद्या आहेच. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं ऐकली असतील. 2005 च्या महापुरात त्यांतली कितीतरी गेली. पेवात हळद वर्षानुवर्षं राहते, किडत नाही. कारण पेव हवाबंद असतं, कोरडं असतं, तिथलं तापमान एकसारखं असतं. पण ते थंड नसतं. आठ-दहा मीटर खाली जमिनीचं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीवर स्थिरावतं. बोर्दोची सरासरी साधारण 14 अंश, आणि वाइनला हवं असतं तेही 12 ते 14. त्या लोकांनी खड्डा खणला की तळघर आयतं तयार. मुंबई-ठाण्याची सरासरी 27 च्या घरात. घोडबंदरला कितीही खोल जा, खाली 27 च मिळणार, आणि आमच्या इथे तर त्याआधी खाडीचं पाणी लागेल. फ्रेंच पुस्तकांत ‘कधी प्यावी’ याचे जे तक्ते असतात ते त्या 14 अंशांवर बेतलेले आहेत. तो आकडा तक्त्यात कुठेही छापलेला नसतो, म्हणून आपली फसगत होते.

इथे मला सँतेस्तेफचीच एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या गावातला सगळ्यात नावाजलेला मळा कोस देस्तुर्नेल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो लुई-गास्पार देस्तुर्नेल या माणसाने उभा केला. त्याला अरबी घोड्यांचा नाद होता, आणि घोड्यांच्या व्यापारासोबत त्याची वाइनही पूर्वेकडे जायची असं सांगतात. हिंदुस्थानात पाठवलेली काही पिंपं न विकता परत आली. चाखून पाहिली तर गेली होती त्याहून सरस! पुढे अशा वाइनवर तो अभिमानाने ‘रतूर देझांद’ असं लिहू लागला, म्हणजे हिंदुस्थानातून परतलेली. लोक त्याला सँतेस्तेफचा महाराजा म्हणत. त्याने वाइनच्या कोठारावर पॅगोडासारखे मनोरे चढवले. झांझिबारच्या सुलतानाच्या वाड्याचा कोरीव दरवाजा तिथे आजही आहे. राजवाडा वाटणाऱ्या त्या इमारतीत माणूस कधी राहिलाच नाही, राहिली ती पिंपं. कर्जापायी 1852 मध्ये त्याला सगळं विकावं लागलं, पुढच्या वर्षी तो वारला, आणि 1855 च्या प्रसिद्ध वर्गवारीत त्याच्या वाइनला दुसऱ्या श्रेणीचा मान मिळाला. तो पाहायला तो नव्हता.

मी ज्या गावात राहतो त्याचं नावच घोड्यांच्या बंदरावरून पडलेलं. पोर्तुगीज अमलात इथे अरबी घोडे उतरत. इथल्या जुन्या किल्ल्यावर संध्याकाळी उभं राहिलं, खाली खाडी चकाकताना दिसली, की मला देस्तुर्नेल आठवतो. त्याचा इथल्या बंदराशी काही संबंध नाही. किल्ला 1737 मध्येच मराठ्यांकडे आला होता, तेव्हा तो जन्मलाही नव्हता. तरी घोडे आणि वाइन ही जोडी मनातून जात नाही.

आता बाई विचारतील, त्याच्या पिंपांना हिंदुस्थान मानवला, मग माझ्या बाटलीला का नाही? उत्तर ‘पिंप’ या शब्दात आहे. सुएझ कालवा अजून व्हायचा होता. जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचं, जाऊन-येऊन चारदा विषुववृत्त ओलांडायचं. आतली वाइन कोवळी, कमालीची तुरट. लाकडातून तिला थोडी थोडी हवा मिळे, लाटांवर ती हिंदकळत राही. रांगड्या वाइनला असा प्रवास माणसाळवतो. बाटलीतल्या वाइनचं ते शिक्षण संपलेलं असतं. तिला विश्रांती हवी असते.

पोर्तुगीजांच्या मदेरा बेटावरची वाइन मात्र उन्हासाठीच जन्मलेली. तिच्यात दारूचा अर्क घालून ती कडक केलेली असते, आंबटपणाही भरपूर. तिची पिंपं उष्ण समुद्रांतून फिरून आली की सुधारतात हे लक्षात आल्यावर त्यांनी ती मुद्दाम फिरवली, आणि पुढे घरीच तापवायला सुरुवात केली. मे महिन्यात भाईंदरच्या गुजराती घरांच्या गॅलरीत छुंद्याच्या बरण्या फडकं बांधून उन्हात ठेवलेल्या दिसतात. त्यातलीच ही गोष्ट. उन्हाने कैरी बिघडत नाही, कारण साखर तिला सांभाळते.

फ्रान्समध्येही असं एक गाव आहे, आणि ते सांगायला मी आतुर होतो. स्पेनच्या सरहद्दीलगत, समुद्रकाठी, बान्यूल्स. ग्रनाश द्राक्षांचा रस आंबत असतानाच त्यात अर्क घालतात, त्यामुळे गोडी शिल्लक राहते. काही मळेवाले ती वाइन मोठ्या काचेच्या कुप्यांत भरून उघड्यावर उन्हातान्हात ठेवतात. तिचा रंग विटकरी होतो, वास अक्रोड, सुकं अंजीर आणि कॉफीचा. नातीच्या लग्नासाठीच काही ठेवायचं असेल तर हिच्यासारखी बाटली ठेवा. माळ्यावर नाही, पण खोलीच्या कपाटात खालच्या खणात ही तग धरण्याची शक्यता बोर्दोपेक्षा कितीतरी जास्त. गुळाच्या पोळीबरोबर मी ती प्यालो आहे. संक्रांतीला याहून चांगली सोबत मला माहीत नाही.

परदेशातून येणाऱ्या माणसाला करमुक्त आणता येतात दोन लिटर, म्हणजे दोन बाटल्या आणि वर एक अर्धी. इथे घ्यायची तर 150 टक्के आयात शुल्क वर्षानुवर्षं मानगुटीवर आहे. म्हणून निवड चुकू नये. घरी 13 अंशांवर चालणारं वाइनचं कपाट आणि वीज गेल्यावर ते चालवणारा इन्व्हर्टर असेल, तरच 2010 किंवा 2016 च्या मोठ्या घराण्यांच्या बोर्दोला हात घाला. नसेल तर आज पिण्याजोगंच आणा: वर्ष न छापलेली शँपेन, कारण ती मळ्यातच मुरवून बाहेर पडते; बोजोलेतली मोर्गों; किंवा मेर्लोप्रधान पोमरोल, सँतेमिल्यों भागातली 2014, 2017 सारखी हलकी वर्षं. तक्ते ज्यांना मधली वर्षं म्हणून खाली टाकतात ती लवकर मऊ होतात, आणि आपल्या हवेत हाच त्यांचा गुण ठरतो. साधा फ्रिज महिना-दोन महिन्यांपुरता ठीक. त्याहून जास्त नको, आतली हवा कोरडी असते, बूच सुकतं. पावसाळ्यात लेबलला बुरशी धरते, तिचं मनावर घेऊ नका.

तर बाई, तुमची बाटली. क्रू बूर्ज्वा म्हणजे पन्नास वर्षं टिकणारी वाइन नव्हे, आणि 2016 ची ही बाटली आतापर्यंत पुरेशी मुरली आहे. माळ्यावर एक उन्हाळा काढला असेल तर अजून बरंच शाबूत असेल. या थंडीत उघडा. दोन दिवस आधी उभी करून ठेवा, गाळ तळाशी बसू द्या. उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पुस्तकात ‘खोलीच्या तापमानाला’ लिहिलेलं असतं ती खोली दगडी भिंतींची, 17-18 अंशांची असते, डोंबिवलीची नव्हे. मग काचेच्या जगमध्ये हलक्या हाताने ओता, गाळ दिसू लागला की थांबा, आणि तासभर तशीच राहू द्या. मुलगा घरी असेल तो दिवस निवडा; आणली त्याने आहे.