दोष हाताचा सांगावा, माणसाचा नव्हे

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच मुखोद्गत केले आहेत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात प्रत्येक पादाचे चार गुण सांगितले आणि या सोळा गुणांवर चिकित्सेचे यश उभे केले. आपल्या सभा-संमेलनांत मात्र द्रव्यावर चर्चासत्रे होतात, भिषकाचे सत्कार होतात, रोग्यांसाठी शिबिरे भरतात. उपस्थात्याविषयी क्वचितच कोणी बोलते. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण परीक्षेपुरते आठवतात आणि पुढे विसरले जातात.

वास्तविक आज आपल्यापैकी बहुतेकांचे काम एकट्याचे राहिलेले नाही. लहानशा चिकित्सालयातही एक कंपाउंडर, स्वागतकक्षातील एक ताई, पंचकर्माचे दोन-तीन परिचारक असतात. फार्मसी चालविणाऱ्या बंधूंकडे तर कुटणारे, गाळणारे, पाकावर बसणारे, भरणी करणारे असा मोठा परिवारच असतो. या सर्वांचा प्रमुख म्हणून वैद्य उभा असतो, परंतु हाताखालच्या माणसास त्याच्या कामाविषयी कसे सांगावे आणि त्याच्याकडून स्वतःविषयी कसे ऐकावे, हे आपणांस कोणी शिकविलेले नसते. व्यवस्थापनशास्त्रात ज्यास फीडबॅक म्हणतात, तो हा विषय. यास आम्ही या लेखात ‘अभिप्राय’ असे म्हणू.

एका आकड्याची गोष्ट

आमच्या उमेदवारीच्या काळात एका रुग्णालयात घडलेला प्रसंग येथे सांगावासा वाटतो. रुग्णालयाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. विरेचनाच्या रुग्णांच्या वेगांची नोंद तेथे एक वयस्क मावशी ठेवीत असत. वेग मोजताना आरंभीचे दोन-तीन मलयुक्त वेग वगळावयाचे असतात, हे आपणांस ठाऊक आहे. मावशींनी एकदा ते धरून आकडा लिहिला. प्रमुख वैद्यांनी रुग्णांसमोर, नातेवाइकांसमोर त्यांना खडसावले, “इतकी वर्षे झाली, अजून तुम्हाला साधे मोजता येत नाही!” मावशी खाली मान घालून निघून गेल्या. कोणते वेग वगळावयाचे आणि का, हे मात्र त्यांना त्या दिवशीही कोणी सांगितले नाही.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रुग्णाचे विरेचन होते. सायंकाळी नोंदवहीत वीस वेग लिहिलेले होते, म्हणजे मध्यम शुद्धी. प्रत्यक्षात रुग्ण गळून गेला होता, पिंडऱ्यांत गोळे येत होते, उठताना भोवळ येत होती. विचारपूस करता मावशी हळूच म्हणाल्या, “साहेब, पुष्कळ झाले होते. पण मला नक्की किती धरायचे ते कळेना. पुन्हा चुकले तर सगळ्यांसमोर बोलणी बसतील, म्हणून वीस लिहिले.” वेळीच उपचार झाल्याने रुग्ण सावरला.

या प्रसंगात मावशींच्या ठिकाणी दाक्ष्याचा अभाव होता असे आम्हांस वाटत नाही. त्यांना अपमान कळला होता, चूक कळली नव्हती. त्यामुळे पुढच्या वेळी त्यांनी टाळला तो अपमान, चूक तशीच राहिली. आणि त्या भयाने लिहिलेल्या आकड्यावर वैद्य शुद्धीचा निर्णय करणार होता. रुग्णाजवळ आठ तास बसतो तो परिचारक, वैद्य तेथे चार वेळा डोकावतो. परिचारकाने सत्य सांगणे थांबविले की वैद्याची दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षाही अपुरी पडते.

सिद्धिस्थानातील पाठ

दोष कसा सांगावा, याचा उत्तम वस्तुपाठ आपल्याच संहितेत आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील पाचवा अध्याय बस्तीच्या व्यापदांचा आहे. बस्ती बिघडला तर आचार्य प्रथम विचारतात की दोष कोठला? नेत्राचे, म्हणजे नळीचे, दोष त्यांनी वेगळे सांगितले. नळी आखूड, लांब, वाकडी, जीर्ण असू शकते. पुटकाचे दोष वेगळे सांगितले. आणि तिसऱ्या गटात बस्ती देणाऱ्याच्या हातचे दोष सांगितले. त्याने वायूसह बस्ती दिला, अतिशीघ्र दिला, नळी तिरपी घातली, हात कापला, वेग फार मंद किंवा फार तीव्र ठेवला. या दोषांपासून होणारे उपद्रव सांगितले आणि त्यांवरील उपायही दिले.

या मांडणीतील दोन गोष्टी आम्हांस मोलाच्या वाटतात. पहिली, साधनाचा दोष माणसाच्या माथी मारलेला नाही. आज आपण पुटकाऐवजी एनिमा पॉट, रबरी नळी वा सिरिंज वापरतो, परंतु नळी जुनी झाल्यामुळे गळली तरी बोलणी परिचारकालाच बसतात. दुसरी गोष्ट, हाताचा दोष हा कर्माच्या नावाने सांगितला आहे. ‘देणारा आळशी आहे’, ‘त्यास अक्कल नाही’ असे तेथे कोठेही येत नाही. ‘हात कापला’ असे म्हटले की हात स्थिर करण्याचा उपाय करता येतो. ‘तू निष्काळजी आहेस’ असे म्हटले की ऐकणाऱ्याने काय करावे?

आधुनिक संशोधनही याच दिशेने जाते. क्लुगर आणि डेनिसी या मानसशास्त्रज्ञांनी अभिप्रायाविषयीच्या तोवरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. अभिप्रायाने सरासरीने काम सुधारते असे त्यांना आढळले, परंतु एक तृतीयांशाहून अधिक उदाहरणांत ते बिघडले. ऐकणाऱ्याचे लक्ष कामावरून हटून स्वतःच्या मानापमानाकडे वळले की अभिप्रायाचा गुण उतरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मावशींच्या बाबतीत नेमके हेच घडले.

मात्रा आणि काल

अभिप्राय हेही एक औषध मानले तर त्याची मात्रा आणि काल यांचा विचार ओघानेच येतो. एका वेळी एकच दोष सांगावा. मनात साठविलेल्या सहा महिन्यांच्या तक्रारी एकदम बाहेर काढणे म्हणजे स्नेहन-स्वेदनावाचून शोधन देण्यासारखे आहे. शक्यतो त्याच दिवशी, काम आटोपल्यावर, एकांतात सांगावे. रुग्णास अपाय होत असेल तेव्हा अर्थातच तेथल्या तेथे थांबवावे, परंतु तेव्हाही “मामा, थांबा, तेल फार गरम आहे” इतकेच पुरे. बाकीचे दार लावून बोलावे.

फार्मसीतील एक उदाहरण घेऊ. नस्यासाठीचे तेल मृदुपाकाचे हवे होते, ते खरपाकावर गेले. मालक म्हणतात, “तुमचे लक्षच नसते, माझे हजारो रुपये पाण्यात गेले.” कारागीर गप्प बसतो. हेच असेही सांगता येते, “दादा, हे तेल आता नस्याला चालणार नाही, अभ्यंगाकडे वळवावे लागेल. कल्काची वर्ती किती वाजता पाहिली होती? फेस आल्यावर अग्नी कमी केला होता का?” अशा वेळी कदाचित उत्तर येते की त्याच सुमारास मालकांनीच त्यास मालाची गाडी उतरविण्यास बोलावले होते. आता दोष कोठला हे स्पष्ट झाले आणि उपायही सापडला. पाकावरच्या माणसास मध्येच उठवावयाचे नाही. प्रश्न विचारल्याखेरीज हे कळले नसते.

गुणाची दखल घेतानाही हाच नियम पाळावा. “छान काम करता हो” हे ऐकण्यास गोड, परंतु त्यातून शिकण्यासारखे काही नाही. “काल त्या आजींचा स्वेद तुम्ही चेहरा पाहून आधीच थांबविलात, ते फार योग्य केलेत” असे सांगितले की त्या परिचारकाची दृष्टी दृढ होते आणि शेजारी उभा असलेला नवा मुलगाही शिकतो. दोष एकांतात सांगावा, गुण चारचौघांत सांगावा.

येथे कोणी विचारेल, वारंवार सांगूनही न सुधारणाऱ्याचे काय करावे? गोड बोलून सत्य लपविणे हा अनुराग नव्हे. शौचाच्या बाबतीत, उदाहरणार्थ हात न धुता द्रोणीपाशी जाणे, तडजोड असूच शकत नाही. त्यास स्पष्ट शब्दांत सांगावे, करून दाखवावे, मुदत द्यावी आणि तरीही न जमल्यास दुसरे काम द्यावे किंवा निरोप द्यावा. परंतु निरोपाच्या दिवशीच त्यास आपला दोष प्रथम कळत असेल, तर तो अन्याय होय.

ऐकण्याची बाजू

सांगणे सोपे, ऐकणे कठीण. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात दुसऱ्या अध्यायात शिष्याच्या उपनयनाचा विधी आहे. शिष्याने कसे वागावे हे तेथे विस्ताराने येते, परंतु त्यापाठोपाठ गुरूही स्वतःस बांधून घेतो. तू नीट वागत असता मी तुजकडे अन्यथा दृष्टीने पाहिले तर मी पापाचा धनी होईन आणि माझी विद्या निष्फळ होईल, अशा आशयाचे ते वचन आहे. वरिष्ठाची दृष्टीही सदोष असू शकते, ही जाणीव विद्यारंभीच दिलेली आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात संधाय संभाषेस योग्य अशा व्यक्तीची लक्षणे सांगितली, त्यांत न रागावणारा, असूया नसलेला आणि समजूत पटवून घेणारा ही लक्षणे आहेत. ती आपण प्रतिपक्षात शोधतो. आपल्या खुर्चीत बसलेल्याच्या ठिकाणीही ती हवीत.

अमेरिकेतील संशोधिका एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करून १९९६ मध्ये तो प्रसिद्ध केला. उत्तम चालणाऱ्या गटांत औषध देण्यातील चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अशा गटांत नोंदलेल्या चुका अधिक निघाल्या. तेथे चुका बोलून दाखविण्याची मोकळीक होती, हे त्याचे कारण असल्याचे पुढे दिसून आले. तेव्हा ज्या नोंदवहीत वर्षभर एकही चूक नाही, ती पाहून प्रमुखाने संतुष्ट होण्यापूर्वी जरा थांबावे.

मोकळीक केवळ “काही असेल तर सांगा” म्हटल्याने येत नाही, कारण त्यावर सर्वजण “काही नाही, सर” असेच म्हणतात. नेमके विचारावे, “आज आमची कोणती सूचना तुम्हांस नीट कळली नाही?” किंवा “कोणत्या रुग्णाच्या वेळी आम्ही घाई केली असे वाटले?” उत्तर आले की लगेच स्पष्टीकरण देऊ नये. ऐकावे, लिहून घ्यावे आणि आठवड्याच्या आत त्यावर काय केले ते सांगावे. एका मावशीने सुचविलेली खुंटी भिंतीवर लागली की दुसऱ्या चार मावशी बोलू लागतात.

चिकित्सक आणि फार्मसी

हाच न्याय आपल्या दोन बंधुवर्गांनाही लागू आहे. एखाद्या कल्पाचा रंग, गंध वा गुण बदललेला दिसला तर अनेक चिकित्सक तो मागविणे बंद करतात आणि चार मित्रांत त्याची चर्चा करतात. ज्याने तो बनविला, त्यास मात्र कळत नाही. कल्पाचे नाव, बॅच क्रमांक, उत्पादनाचा दिनांक आणि आढळलेला बदल असे चार ओळींचे पत्र पाठविले तर फार्मसीस आपल्या बॅचच्या नोंदींपर्यंत पोहोचता येते. अनुसूची टीनुसार या नोंदी ठेवणे बंधनकारकच आहे. औषधाचा अपाय झाल्याची शंका असेल तर ती फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाच्या केंद्रास कळवावी. नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. आणि फार्मसीच्या मालकांनी असे पत्र आल्यास ते धंद्यावरील आघात मानू नये. ज्या वैद्याने पत्र लिहिले, त्यास तुमचे औषध अजून वापरावयाचे आहे. ज्याने सोडून दिले, तो लिहीतच नाही.

वाचकांनी या तिमाहीत एकच गोष्ट करून पाहावी, अशी आमची विनंती आहे. आपल्या हाताखालच्या प्रत्येक व्यक्तीशी महिन्यातून एकदा दहा मिनिटे बसावे. तिच्या कामातील एक गुण आणि एक दोष, दोन्ही कर्माच्या नावाने सांगावेत आणि मग आपल्याविषयी एक प्रश्न विचारून स्वस्थ ऐकावे. चौथा पाद जो रोगी, त्याचे हित पुष्कळदा या तिसऱ्या पादाच्या मोकळ्या बोलण्यावर अवलंबून असते.