रात्री अंथरुणभर फिरणारी बाळे

वार्षिक अहवालात कामाच्या आकडेवारीबरोबरच एखाद्या आरोग्यविषयाची माहिती द्यावी, असा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय वरकरणी किरकोळ वाटेल. बालरोग विभागात ताप, जुलाब, लसीकरण यांची विचारपूस आटोपते, औषधांची चिठ्ठी हाती पडते आणि मग कित्येक माता दाराशी थबकून मनातला खरा प्रश्न विचारतात : “चेडू रातभर हातरुणभर फिरता, निजता खंय?” उशाकडे डोके करून निजवलेले मूल पहाटे पायथ्याशी आढळते, मध्येच गुडघ्यांवर उठून डोलते, कण्हते, अर्धवट डोळे उघडून पाहते आणि पुन्हा आडवे होते. सोबतच्या आजीने तोवर मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढलेली असते. जंतांचे औषध मागणारेही थोडे नाहीत. या काळजीला हसून वाटेला लावणे आम्हांस योग्य वाटत नाही, कारण बहुतेक वेळा ती निराधार असली, तरी क्वचित ती अत्यंत मोलाची ठरते.

नवजात अर्भक दिवसाचे सुमारे १४ ते १७ तास झोपते. परंतु त्यांतील जवळजवळ निम्मी झोप चंचल असते. मिटल्या पापण्यांआड बुबुळे फिरतात, ओठ दूध ओढल्यासारखे हलतात, हातपाय झटकले जातात, चेहऱ्यावर हसू उमटते व मावळते. झोपेत हसणाऱ्या बाळाला सटवाई खेळवते, असे आपल्याकडे मानतात. निरीक्षण अगदी अचूक आहे, कारण तेवढे निराळे. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की यांनी आपले मार्गदर्शक नॅथॅनियल क्लाइटमन यांच्यासमवेत १९५३ साली झोपेची ही अवस्था जगासमोर मांडली. त्या शोधाची सुरुवातही निजलेल्या तान्ह्या मुलांच्या पापण्या न्याहाळण्यातूनच झाली होती, हे विशेष. पुढे १९६६ साली रॉफवार्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की जन्मतः झोपेचा निम्मा भाग व्यापणारी ही अवस्था प्रौढपणी पाचव्या-चौथ्या हिश्शावर येते. वाढत्या मेंदूला तिची गरज असावी, असा त्यांचा तर्क होता. मोठ्या माणसांत या अवस्थेत मेंदू स्नायूंना शिथिल करून टाकतो. म्हणूनच स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणात धावत नाही. तान्ह्या मुलांत हा लगाम पुरता घट्ट झालेला नसतो.

दुसरे असे, की मोठ्यांच्या झोपेचे एक आवर्तन साधारण दीड तासाचे असते, तर बाळाचे तासाभराहूनही कमी. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते. आपणही तेव्हा कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि सकाळी त्यातले काहीच आठवत नाही. सहा ते दहा महिन्यांच्या मुलाला मात्र नुकतेच उलटणे, सरपटणे, रांगणे साधलेले असते. दिवसभर गिरवलेला तो धडा अर्धवट जागेपणी हातापायांत उतरतो आणि मूल चालू लागते म्हणा ना! इस्रायलमधील हैफा विद्यापीठात ॲनात शेर यांनी केलेल्या अभ्यासांतही रांगू लागण्याच्या सुमारास मुले रात्री अधिक वेळा जागी होतात, असे दिसून आले. काही मुले निजताना डोके वा अंग लयीत हलवतात. तेही बहुतेकांत शाळेच्या वयापर्यंत आपोआप थांबते.

अशा वेळी मातेने काय करावे? दोन-चार मिनिटे काहीच करू नये, हे आमचे उत्तर अनेकींना पटत नाही. परंतु अर्धवट निजलेल्या मुलाला उचलले, दिवा लावला, पदराखाली घेतले, की ते पूर्ण जागे होते आणि पुढच्या आवर्तनालाही त्याच सोबतीची वाट पाहते. वर्ष-दोन वर्षांपुढील मुले कधी गाढ झोपेतून अर्धवट उठून रडतात, आईलाच ओळखत नाहीत, धरू गेल्यास अधिक झटापट करतात. तेथेही हलवून जागे करण्यापेक्षा जवळ बसून इजा होणार नाही एवढे पाहावे. सकाळी मुलाला त्याची आठवण नसते.

खरा धोका फिरण्यात नाही. मूल फिरत फिरत कोठे पोहोचते, त्यात आहे. गणपतीला आणि मे महिन्यात चाकरमानी मंडळी गावी येतात, तेव्हा हे विशेष जाणवते. मुंबईच्या खोलीत भिंतीलगत निजणारे बाळ येथे आजोबांच्या उंच पलंगावर, पाहुण्यांच्या गर्दीत निजते आणि रात्री जमिनीवर पडते. कडेला उशा रचणे हा उपाय नव्हे. रांगते मूल त्या ओलांडते आणि लहान बाळाचे नाक त्यांत दबून श्वास कोंडू शकतो. झोळीबाबतही आमचे मत स्पष्ट आहे : मूल उलटू लागले, की साडीच्या झोळीत त्याला एकटे ठेवू नये. आमच्या कक्षातील बाळांच्या खाटांना कठडे आहेत, आणि ते वर ओढलेले असावेत असा परिचारिकांचा आग्रह असतो, तो याचसाठी.

मग गादी जमिनीवर घालावी, असे परदेशी पुस्तके सुचवतात. आपल्या किनाऱ्यावर हा सल्ला जसाच्या तसा उचलता येत नाही. पावसाळ्यात नारळाच्या बागा, लाकडांचे ढीग, चिऱ्यांच्या गडग्यांतील फटी यांतून मण्यार व विंचू घरात शिरतात. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्याला चावते आणि दंश इतका सूक्ष्म, की खूणही दिसत नाही. मूल मध्यरात्री पोट धरून रडू लागले, उलटी झाली, पापण्या जड होऊन खाली येऊ लागल्या, तर ती झोपेची गुंगी समजू नये. विंचवाबाबत कोकणाने जगाला काही दिले आहे : महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला आणि या दंशाने होणारे मृत्यू कमालीचे घटले. औषध वेळेत मिळाले पाहिजे, एवढेच. यास्तव जमिनीवर गादी घालायचीच तर ती भिंतीपासून दूर असावी, घट्ट असावी, आणि मच्छरदाणीच्या कडा चारी बाजूंनी गादीखाली खोचलेल्या असाव्यात. नेपाळच्या तराईतील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा मच्छरदाणीने रात्रीचे सर्पदंश मोठ्या प्रमाणात टळत असल्याचे आढळले होते. येथे ती फिरत्या बाळाला आवरही घालते. वर्षाच्या आतील मूल निजवताना पाठीवरच निजवावे. पुढे ते दोन्ही बाजूंनी सहज उलटू लागले आणि स्वतःहून पालथे झाले, तर रात्रभर सरळ करीत बसण्याची गरज नाही.

राहिला प्रश्न फेफऱ्याचा. काही निरोगी नवजात बाळांचे हातपाय झोपेत लागोपाठ उडतात. जागे करताच ते थांबते. याचे वर्णन कोल्टर व ॲलन यांनी १९८२ साली केले. हा विकार नव्हे, औषधही लागत नाही. याउलट तीन ते बारा महिन्यांच्या मुलात, विशेषतः झोपेतून उठताच, मान एकाएकी पुढे झुकणे, हात फाकणे, आणि हे काही क्षणांच्या अंतराने पुनःपुन्हा होणे, हे गंभीर लक्षण आहे. डॉ. वेस्ट या इंग्रज वैद्याने १८४१ साली स्वतःच्याच मुलाची ही अवस्था ‘लॅन्सेट’ला कळवली होती, सलाम केल्यासारखे हे झटके आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. घरच्यांना ती दचकल्याची क्रिया वाटते आणि आठवडे निघून जातात. उपचार जितके लवकर, तितकी मुलाच्या बुद्धीची वाढ वाचण्याची आशा अधिक. हालचाल दवाखान्यात दिसेलच असे नाही; म्हणून मोबाईलवर तिचे चित्रीकरण करून आणावे. आम्हांला तपासणीइतकाच त्याचा उपयोग होतो.

जागे केल्यावरही न थांबणारे झटके, ओठ निळे पडणे, मूल हाकेला वा स्पर्शाला प्रतिसाद न देणे, पलंगावरून पडल्यानंतर वारंवार उलट्या अथवा असाधारण गुंगी, यांपैकी काहीही आढळल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयात तत्काळ यावे. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाची वाट पाहू नये.