वारेची कैफियत

३७ आठवड्यांची मुदत पुरी होण्याआधी जन्मास येणाऱ्या अर्भकावर जी संकटे ओढवतात त्यांत श्वासाचे संकट अव्वल होय; कारण फुप्फुसांतील वायुकोश मिटू न देणारे स्निग्ध द्रव्य तोवर पुरेसे तयार झालेले नसते. त्यावरचा इलाज मात्र जुना आणि स्वस्त आहे. प्रसूतीपूर्वी मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले असता हे संकट पुष्कळ अंशी टळते, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई या डॉक्टरांनी १९७२ सालीच दाखवून दिले. अडचण आहे ती वेळेची. औषधाचा गुण मुख्यतः पुढच्या आठवडाभरात येतो, आणि त्या आठवड्यात कोण बाळंत होणार हे सांगणे कठीण. भारतातील नागपूर आणि बेळगाव ही ठिकाणे धरून सहा देशांत झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे इंजेक्शन गावोगावी सढळपणे दिले गेले, तेव्हा ते घेतलेल्या पुष्कळ स्त्रिया पुरे दिवस भरूनच प्रसूत झाल्या आणि एकंदर नवजात-मृत्यू घटण्याऐवजी वाढले.

मुदतपूर्व प्रसूती करणे भाग पाडणारे एक मोठे कारण म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, अर्थात गरोदरपणी रक्तदाब चढण्याचा विकार. आणि त्याची पूर्वसूचना आता मातेच्या रक्तातून काही अंशी मिळू लागली आहे. वारेला रक्तपुरवठा कमी पडला, की ती एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन मातेच्या रक्तात अधिकाधिक सोडते, हे प्रथिन रक्तवाहिन्यांचे पोषण करणाऱ्या पीएलजीएफ या दुसऱ्या प्रथिनाला अडकवून निकामी करते, आणि मग मातेचा रक्तदाब चढू लागतो, असे बोस्टनच्या डॉ. अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडले. पुढे या दोन प्रथिनांचे गुणोत्तर हीच कसोटी ठरली. विकाराचा संशय असलेल्या स्त्रियांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल तर आठवडाभरात विकार होणार नाही, हे भाकीत ९९.३ टक्के खरे ठरले. उलट ते ३८ च्या वर गेलेल्यांपैकी चार आठवड्यांत विकार प्रकट झाला तो अवघ्या ३६.७ टक्क्यांत. तेव्हा या कसोटीचे मोल, माझ्या मते, तिच्या होकारापेक्षा नकारात अधिक आहे: नाहक इस्पितळवास टळतो आणि उतावळी प्रसूतीही.

पण ही तपासणी रक्तदाबाच्या पट्ट्याची जागा घेऊ शकत नाही. विसाव्या आठवड्यानंतर ज्या गर्भवतीचे डोके सतत ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा तोंडावर एकाएकी सूज चढते, तिने त्याच दिवशी दवाखाना गाठून रक्तदाब मोजून घ्यावा.