नव्या बुबुळाची निगा

मैत्रिणींनो, मोतीबिंदूचे ऑपरेशन आता घरोघरी माहितीचे झाले आहे. आज ऑपरेशन, उद्या पट्टी निघाली आणि चार दिवसांत आजीबाई पोथी घेऊन बसल्या! त्यामुळे बुबुळ बदलण्याचे ऑपरेशन झाले की घरच्यांची आणि खुद्द पेशंटचीही फसगत होते. पट्टी निघते, पण सारे अंधुकच दिसते. डोळा खुपतो, पाणी येते. माझ्या मोठ्या जाऊबाई तर पहिल्याच दिवशी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "एवढं करून उपयोग काय झाला?"

उपयोग होतो, पण सावकाश. डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. जखमेने किंवा जंतूंमुळे त्यावर पांढरा डाग पडला की आपण 'डोळ्यात फूल पडले' म्हणतो. हा पडदा काढून तिथे नेत्रदानातून मिळालेला पडदा शिवतात. त्यात रक्तवाहिन्याच नसतात. म्हणून तो आरशासारखा स्वच्छ राहतो आणि म्हणूनच जखम भरायला वेळ लागतो. केसाहून बारीक नायलॉनचे टाके वर्षभर, कधी त्याहूनही जास्त ठेवावे लागतात. नजर हळूहळू, काही महिन्यांत स्थिरावते आणि पुढे बहुधा चष्मा लागतोच. काही पेशंटांचा फक्त आतला पातळ थर बदलतात. त्यांना सुरुवातीला उताणे झोपून राहावे लागते, कारण आत सोडलेला हवेचा बुडबुडा तो थर जागेवर धरून ठेवतो. त्यांची नजर मात्र लवकर सुधारते.

घरातली पथ्ये

डोळा चोळायचा नाही, हा पहिला नियम. झोपेत नकळत हात जातो, म्हणून रात्री डॉक्टरांनी दिलेले प्लास्टिकचे झाकण लावावेच. पाण्याची बादली, गव्हाचा डबा उचलू नये. वाकून फरशी पुसू नये. नातवंडाला लगेच कडेवर घेऊ नये, त्याचे इवलेसे बोटही डोळ्याला पुरते. फोडणीचा, मिरच्यांचा धूर टाळावा. डोक्यावरून अंघोळ नको. मान मागे टाकून दुसऱ्या कुणाकडून केस धुऊन घ्यावेत. काजळ, मध, गुलाबपाणी यातले काहीही डोळ्यात घालू नये. ही बंधने कधी सैल करायची ते डॉक्टर सांगतील, शेजारीण नव्हे!

औषधाचे थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवावेत. दुधासारखे पांढरे औषध असेल तर बाटली नीट हलवावी. तिचे टोक डोळ्याला लागू देऊ नये. दोन औषधांत पाच मिनिटे जाऊ द्यावीत. वेळांचा कागद स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी टांगला म्हणजे विसर पडत नाही. बरे वाटले म्हणून थेंब आपल्या मनाने बंद करू नयेत आणि वाढवूही नयेत. काही थेंबांनी डोळ्यातला दाब वाढतो, तो वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो.

आजच जायचे, उद्या नाही

परक्याचा पडदा आपले शरीर कधीकधी नाकारू पाहते, अगदी काही वर्षांनीसुद्धा. खुणा चार: डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, नजर अंधुक होणे आणि दुखणे. यातली एकही दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. वेळेवर उपचार झाले तर बहुतेकदा पडदा वाचतो. एखादा टाका सैल होऊन कचकच होऊ लागली तरीही तसेच करावे.

जाऊबाईंचा डोळा लाल झाला तो नेमका दिवाळीच्या तोंडावर. "फराळ उरकू दे, मग जाऊ," म्हणाल्या. सासूबाईंनी कढईखालचा गॅस बंद केला आणि रिक्षा बोलावली. "चकल्या दुकानात मिळतात," एवढेच म्हणाल्या. डोळा वाचला. आपण बायका स्वतःचे दुखणे सगळ्यांत शेवटी ठेवतो, नाही का? या ऑपरेशनात तेच महागात पडते.

बुबुळाचे पहिले यशस्वी रोपण 1905 साली, आज चेक देशात असलेल्या ओलोमौत्स गावी, डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी केले. पेशंट होता चुन्याने डोळे गेलेला एक शेतमजूर. पडदे मिळाले ते एका अकरा वर्षांच्या मुलाच्या, इजा झाल्यामुळे काढाव्या लागलेल्या डोळ्यातून. दोन डोळ्यांपैकी एकच साधला, पण तेवढ्यावर तो पुन्हा कामाला लागला.

आज हा पडदा मिळतो तो कुणीतरी ऐन दुःखात, माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत, 'हो' म्हटल्यामुळे. ते घर कोणते हे आपल्याला कधीच कळत नाही, आभारही मानता येत नाहीत. वेळच्या वेळी थेंब घालणे, एवढे मात्र आपल्या हातात आहे.