थर दिसले म्हणून गाळ नव्हे

ताम्हिणी घाटात पाऊस उघडला की समोरच्या कड्यावर एकावर एक आडवे थर दिसतात. ‘थर म्हणजे गाळाचा खडक’ हे शाळेपासून डोक्यात बसलेलं, त्यामुळे मुळशीचे डोंगरही गाळाचेच असं वाटणं साहजिक आहे. पण हे थर लाव्हाचे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, दर खेपेला थिजला आणि बेसाल्टचे मजले चढत गेले. पुरावा हातात मावतो. इथला काळा पाषाण फोडला तर आत वाळू किंवा गोटे नसतात, एकमेकांत गुंतलेले बारीक स्फटिक असतात. काही दगडांना वाटाण्याएवढी भोकं दिसतात. ते लाव्हात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. झिरपत्या पाण्याने पुढे त्यांत झिओलाइट नावाचं पांढरं खनिज भरलं. याउलट, चंद्रपूरकडचा वालुकाश्म, म्हणजे गाळाचा खडक, नुसता बोटाने चोळून पाहावा: कण सुटे जाणवतात, कारण ते वाहून आले आणि नंतर चिकटले.

यावर कुणी म्हणेल, मुंबईत वरळीला याच दख्खनच्या खडकांत बेडकांचे जीवाश्म मिळाले, ते लाव्हात कसे टिकले? टिकले नाहीतच. दोन उद्रेकांमध्ये दीर्घ उसंत मिळे, तेवढ्यात तळी साचत, तळाशी गाळ बसे. बेडूक त्या गाळातले. पुढचा लाव्हा त्यावर पसरला. म्हणजे अग्निजन्य खडकाच्या ढिगाऱ्यात गाळाचं एखादं पान असू शकतं, पण त्यामुळे आख्खा डोंगर गाळाचा होत नाही. दोन थरांमधला विटकरी पट्टाही बहुतेक वेळा लाव्हाचाच, त्या उसंतीत कुजलेला माथा.