बंगळूरचें पहिलें खाजगी गीतकेंद्र

रेडिओची कळ फिरविली कीं गाणें ऐकूं येतें, आणि त्यासाठीं आपल्या पदरची एक पैही जात नाहीं. मग त्या गाण्याचा खर्च सोसतो कोण? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु शहरांतील गीतकेंद्रें जगतात कीं बुडतात, हें बऱ्याच अंशीं त्याच्याच उत्तरावर अवलंबून असतें. ३ जुलै २००१ रोजीं बंगळूर येथें 'रेडिओ सिटी' हें भारतांतील पहिलें खाजगी एफ. एम. केंद्र सुरू झालें. त्याचा वृत्तांत या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

प्रथम या ध्वनिक्षेपणाची पद्धति समजून घेऊं. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणांत आवाजाच्या चढउताराप्रमाणें लहरींची उंची कमीअधिक होते. आकाशांत वीज चमकली कीं तीही उंचींतच ढवळाढवळ करते, आणि गाण्यांत खरखर मिसळते. आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकानें १९३३ सालीं पेटंट मिळविलेल्या पद्धतींत उंची कायम राहते आणि कंपनसंख्या बदलते. म्हणून सूर निर्मळ उमटतात. मात्र या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. मनोऱ्यावरून दृष्टि पोंचेल साधारण तेवढाच त्यांचा मुलूख; म्हणजे एक शहर आणि त्याचा परिसर. स्थानिक केंद्राची मर्यादा अशी निसर्गानेंच आंखून दिली आहे.

भारतांत आकाशवाणीनें ही पद्धति २३ जुलै १९७७ रोजीं मद्रासला प्रथम आणली. १९९३ पासून मुंबई, दिल्ली, पणजी आदि शहरीं तिच्या एफ. एम. केंद्रांवरील कांहीं तास खाजगी मंडळींना विकत मिळूं लागले. पण घर आकाशवाणीचें, ही मंडळी केवळ भाडेकरू. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यानंतर खाजगी केंद्रांना वाट मोकळी झाली, आणि ४० शहरांतील १०८ लहरी लिलावास निघाल्या.

अडचण येथेंच उपजली. उमेदवारांनीं उत्साहाच्या भरांत मोठमोठ्या बोली केल्या, आणि परवान्याचें वार्षिक शुल्क दरसाल शेंकडा १५ नें वाढावयाचें होतें. हिशेब करून पाहा. पहिल्या वर्षीं १०० रुपये असलेलें शुल्क सहाव्या वर्षीं २०१ होतें, आणि दहाव्या वर्षीं सुमारें ३५२. जाहिरातींची मिळकत वाढो वा न वाढो, शुल्क थांबत नाहीं. परिणाम असा झाला कीं, १०८ पैकीं अवघीं २१ केंद्रें प्रत्यक्षांत आलीं.

मुंबईकरांना हें दुखणें नवें नाहीं. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईंत सुरू झालेली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी श्रोत्यांच्या परवाना-शुल्कावर विसंबून होती. श्रोते थोडे, खर्च मोठा, आणि १९३० च्या मार्चांत ती बुडाली. तेव्हां येणें अपुरें पडलें, आतां देणें अवाजवी ठरूं लागलें; गाण्याची गोडी दोन्ही वेळां निरुपाय होती.

२००५ सालीं सरकारनें रीत बदलली. आरंभीं एकरकमी प्रवेशशुल्क, आणि पुढें दरवर्षीं मिळकतीच्या शेंकडा ४ हा मुख्य दर. केंद्र भरभराटलें तर सरकारचा वांटा वाढेल, पडलें तर भारही हलका होईल. या तत्त्वावर खाजगी केंद्रें शहरोशहरीं पसरलीं.

एक बंधन मात्र मागें राहिलें. २०११ च्या धोरणानें या केंद्रांना आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढें पोंचविण्याची मुभा दिली. वाहतूक आणि हवामान यांची माहितीही बातमी मानली नाहीं. पण स्वतःची बातमी देण्याची परवानगी दिली नाहीं. म्हणजे कोणता रस्ता बंद आहे हें सांगावयास हरकत नाहीं. तेथें मोर्चा कां निघाला, तें शोधून सांगतां येत नाहीं.

लहर आपल्या सर्वांच्या मालकीची असेल, तर तिचें भाडें किती आणि तिच्यावर काय बोलावें, हा केवळ सरकार आणि कंपनी यांच्यांतील व्यवहार राहत नाहीं. फुकट ऐकणाऱ्या श्रोत्यानेंही त्यांत लक्ष घातलें पाहिजे. कारण ज्या लहरीवर तें गाणें येतें, तिचा मालक तोच आहे.