शेजारच्या आजींना घरात कोंडलंय, कोर्टात कोण जाणार?

ज्यांना कलमं आणि नंबर नीट टिपून ठेवायचेत, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप.

समजा, तुमच्या बिल्डिंगमध्ये सत्तरीच्या एक आजी आहेत. मुलगा त्यांच्या पेन्शनचं एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवतो, हात उचलतो, कामाला जाताना बाहेरून कुलूप लावतो. भिंतीपलीकडून तुम्हाला सगळं ऐकू येतं. अशा वेळी आपण काय म्हणतो? एक, "त्यांच्या घरातला मामला आहे." दोन, "कोर्टात गेलं की दहा वर्षं गेली." आज या दोन्ही समजुती तपासून बघू.

आधी एक गोष्ट. मारहाण आत्ता, या क्षणी चालू असेल तर कायदा वाचत बसू नका, ११२ ला फोन करा. पोलीस येऊन गेल्यावर पुढे काय, ते आता बघू.

पहिला रस्ता: आईसुद्धा तक्रार करू शकते

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त सुनांसाठी आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नाहीये. एका घरात राहणारी आई, सासू, आत्या, कुणीही स्त्री त्यात येते. मुलाविरुद्ध तर अर्ज होतोच, पण २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर घरातल्या बाईविरुद्धही होतो.

हा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे जातो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत द्यावी, असं कायदाच सांगतो. प्रत्यक्षात उशीर होतो, म्हणून कलम २३ लक्षात ठेवा. आजींच्या प्रतिज्ञापत्रावर, समोरच्याचं ऐकण्याआधीच, कोर्ट अंतरिम हुकूम देऊ शकतं: मारायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही, बँक खात्याला हात लावायचा नाही. मुलालाच घर सोडायला सांगता येतं. (बाईला घराबाहेर काढण्याचा हुकूम मात्र या कलमांखाली मिळत नाही.) हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि आपल्यासाठी महत्त्वाचं: संरक्षण अधिकाऱ्याला खबर कुणीही देऊ शकतं. प्रामाणिकपणे दिलेल्या खबरीबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही.

दुसरा रस्ता: दिव्यांग व्यक्तीसाठी कार्यकारी दंडाधिकारी

आता आजींच्या जागी पक्षाघाताने एक बाजू गेलेले काका आहेत असं धरा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६, कलम ७. छळ झालाय, चालू आहे किंवा होईल असं वाटतंय, तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतं. तालुक्याच्या ठिकाणी हे काम तहसीलदार किंवा प्रांताकडे असतं. ते पोलिसांना किंवा एखाद्या संस्थेला काकांची सुटका करायला सांगू शकतात, खर्चाची सोय लावू शकतात. या कलमात ४० टक्क्यांच्या दाखल्याची अट नाही.

तिसरा रस्ता: ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७

आजी-आजोबा दोघांसाठीही. प्रांताच्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा. केस चालू असतानाच अंतरिम पोटगी मागता येते. मूळ कायद्यात पोटगीची मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. "मला सांभाळशील" या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. घराचा ताबाही परत मिळू शकतो, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. पण हा रस्ता त्या रात्रीसाठी नाही, नंतरच्या दिवसांसाठी आहे.

आणि आजीच "नको" म्हणाल्या तर?

खरी अडचण इथे आहे. पोराला पोलीस नेतील, लोक काय म्हणतील, आपल्याला वृद्धाश्रमात टाकतील, या भीतीने खूप जण गप्प बसतात. कायद्यालाही त्यांची इच्छा महत्त्वाची वाटते. कलम ७ खाली संरक्षणात्मक ताबा मिळतो तो त्या व्यक्तीची इच्छा असेल तरच. म्हणजे "वाचवायचं" म्हणून कुणाला उचलून कुठेही नेऊन ठेवता येत नाही.

म्हणून मुलगा समोर नसताना आजींशी बोला. "तक्रार करायची का?" असं एकदम विचारू नका. "तुम्हाला काय हवंय?" असं विचारा. कदाचित त्यांना मुलगा जेलमध्ये नको असेल, फक्त कार्ड परत हवं असेल आणि कुलूप निघायला हवं असेल. तेवढंच मागणारा अर्जही करता येतो.

डिमेन्शियामुळे ज्यांना स्वतःचं बरंवाईट ठरवता येत नाही, त्यांच्यासाठी आपल्याकडे वेगळा सोपा कायदा नाही. तिथे घरच्यांना उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

- तातडीची मदत: ११२
- ज्येष्ठांची हेल्पलाइन: १४५६७
- महिला हेल्पलाइन: १८१
- मोफत वकील: १५१००. महिला आणि दिव्यांगांना उत्पन्न न बघता मिळतो.
- काय दिसलं, काय ऐकलं, ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवा. नंतर प्रतिज्ञापत्रात तेच कामाला येतं.

घरातला मामला असला तरी मॅजिस्ट्रेटला त्यात पडता येतं. पण त्यांना कुणीतरी कळवायला हवं. कुलपाच्या आत असलेल्या माणसाला ते बहुतेक वेळा जमत नाही. भेटू पुढच्या भागात!